हमीदभाई, ही माफी तुमची नव्हे

हमीदभाई,

नसीमचा फोन आला तेव्हा मी एका बाईच्या दाढेत सिमेंट भरत होते. फोन टेबलावर थरथरत राहिला. तुमच्या लेकीचं नाव दिसलं तरी मला वाटलं, नेहमीचंच असेल, अब्बांनी आंब्यांचे फोटो पाठवलेत ते बघा म्हणून. पेशंट गेली, हातमोजे काढले, फोन लावला. "मावशी, अब्बा गेले," ती म्हणाली. दुपारी जेवलात, सुरमईचं कालवण दोनदा मागून घेतलंत, ओटीवरच्या खुर्चीत टेकलात, आणि चहाला उठवायला आले तर उठलाच नाहीत. ना दवाखाना, ना नळ्या, ना कुणाची पळापळ. नसीम रडत होती आणि मी मूर्खासारखी विचारत होते, "कालवण कुणी केलं होतं गं?" "अम्मीनंच," ती म्हणाली. मला बरं वाटलं.

खरं सांगू? रडू यायच्या आधी राग आला. मागच्याच शुक्रवारी तुम्ही मला कॅनडातल्या आइस हॉकीच्या प्रोफेशनल मॅचचा व्हिडिओ पाठवला होता. हेल्मेटला अर्धीच काच लावलेला खेळाडू कठड्यावर आपटतो, उठतो, पुन्हा पडतो. खाली तुम्ही बोलून पाठवलं होतंत, "बघ बाय, चेहऱ्याला काय नाय झालेला, पण पाय बघ कसे पडतायत." मी उत्तर दिलं होतं की पूर्ण जाळी असती तर वगैरे वगैरे. त्यावर तुमचं उत्तर यायचं होतं. वाद अर्धा टाकून उठून जायचं, ही काय रीत झाली भाई? तुम्हाला मी कधी असं सोडलं होतं का?

फोन ठेवता ठेवता नसीम म्हणाली, "मावशी, अब्बा तिकडं इतकी वर्षं होते. कुणाचं मन दुखावलं असेल, कुणाचं काही बिघडलं असेल त्यांच्या हातून, तर माफ करा म्हणून सांगाल ना? आमच्यात विचारतात तसं." मी म्हटलं, सांगते की. आणि फोन ठेवून पेशंटच्या खुर्चीत बसले. कारण इथं सौदीत तुम्हाला माफ करण्यासारखं काही ज्याच्याजवळ आहे असा एकच माणूस आहे, कतीफचा अली. आणि तो जे माफ करेल ते तुम्ही केलेलंच नाही. ते मी केलंय. हे तुम्हाला माहीत होतं, मला माहीत होतं, तिसऱ्या कुणाला नाही.

आपली ओळख झाली ती एका दातापायी. आठवतं? खोबरच्या क्लिनिकमध्ये नवीनच लागले होते मी. नवरा अल खफजीच्या समुद्रात तेलाच्या कामावर, दोन आठवडे तिकडे, दोन आठवडे घरी. मिरजेहून आलेल्या मला शुक्रवारची दुपार कशी घालवायची तेच कळायचं नाही. एक दिवस एक कॅनेडियन इंजिनियर रक्ताळलेला टॉवेल तोंडाला लावून आला आणि माझ्या हातात एक कार्टन दिलं. आत त्याचा पुढचा दात. पडलेला दात दुधात ठेवून आणायचा, एवढं कुणाला तरी ठाऊक होतं म्हणून मी खूश झाले. मग वास आला. दूध नव्हतं, लबन होतं. ताक! आंबट ताकात दात बुडवून पाठवणारा हा कोण दिवटा, म्हणून मी संध्याकाळी तणतणत तो जिथून आला त्या मॉलमधल्या बर्फाच्या मैदानावर गेले.

बाहेर अंगाची लाही होत होती आणि आत काउंटरमागे स्वेटर, मफलर आणि माकडटोपी घातलेला एक माणूस मशीनवर स्केटच्या पात्याला धार लावत होता. मी मराठीत पुटपुटले, "गाढवं आहेत सगळी." तुम्ही मान वर न करता म्हणालात, "गाढव मीच, मॅडम. फ्रिजमधला दूध संपला होता." मला हसू फुटलं ते आवरेना. पाचव्या मिनिटाला आपण दाभोळच्या खाडीतल्या तिसऱ्यांवर बोलत होतो. महिनाभरात मॅडमची बाय झाले. माहेरी मला बाय कुणी म्हणत नाही, आमच्याकडं तशी पद्धतच नाही, पण तुम्ही म्हणायचात तेव्हा माहेरीच बसल्यासारखं वाटायचं.

मग दर शुक्रवारी नमाजानंतर तुमच्या काउंटरवर माझी खुर्ची ठरलेली. तुम्ही थर्मासमधला चहा द्यायचात, मी पोह्यांचा डबा उघडायचे, आणि भांडण सुरू. ही आइस हॉकी मला आधी वेडेपणाच वाटली. रबराची चकती गोळीसारखी सुटते आणि शहाणीसुरती माणसं उघड्या तोंडानं तिच्यासमोर उभी राहतात! चौथ्या फुटक्या ओठानंतर मी मॅनेजरच्या मानगुटीवर बसले. पूर्ण चेहऱ्याला जाळी लावल्याशिवाय कुणालाही बर्फावर सोडायचं नाही. त्यानं ऐकलं. माझ्याकडं येणारे दात थांबले आणि मी मोठी फुशारले. तुम्ही एकेका हेल्मेटला जाळी बसवत होतात आणि कुरकुरत होतात.

"जाळी लावलीन की ही माणसा रेड्यासारखी घुसतात. समोरच्याचा तोंड फुटायचा नाय म्हणून भीतीच जाते."

"मग काय, तोंडं फोडून घेऊ द्यायची?"

"तसा नाय गो. तू चेहऱ्याची डॉक्टर, तुला चेहराच दिसतो. माझी आई सासरहून स्टीलच्या डब्यात दही न्यायची माहेरी. एसटीत डब्याला पोचा पण पडायचा नाय. घरी जाऊन झाकण काढला की दही मोडलेला."

मी विषय बदलून कॅनडातल्या प्रोफेशनल खेळाडूंवर घसरायचे. जगातले सगळ्यात चांगले खेळाडू अर्धी काच लावून खेळतात, दात उघडे टाकून, आणि वर त्याचा मान मिरवतात! तुम्ही म्हणायचात, त्यांना ठाऊक आहे काय ते. मी म्हणायचे, डोंबल ठाऊक आहे. मग तुम्ही हळूच कोचकडं बोट दाखवायचात.

कोच म्हणजे आपला म्हातारा कॅनेडियन. तरुणपणी तिकडं पोटापाण्यासाठी खेळलेला, जाळी नाही, काच नाही. नाक तीन ठिकाणी वाकलेलं. पुढचे दात त्याला मीच बसवून दिले, आणि काय सुंदर बसले होते! तो आरशात बघून लहान मुलासारखा हसला होता. पण तो मला दर शुक्रवारी नव्यानं विचारायचा, मी भारतातल्या कुठल्या गावची. दिव्याच्या उजेडानं त्याचं कपाळ ठणकायचं म्हणून घरातसुद्धा टोपी. गाडी पार्किंगच्या कुठल्या मजल्यावर लावलीय ते तुम्ही त्याच्या तळहातावर पेनानं लिहून द्यायचात, न बोलता, तोही हात पुढं करायचा. एकदा तो गेल्यावर तुम्ही म्हणालात, "त्याचे दात तू बसवलेस बाय. बाकीचा हरवला तो कोण बसवणार?" त्या दिवशी मी पोहे न खाताच डबा बंद केला.

त्याच्यामुळंच तुमची ती स्क्रूची युक्ती निघाली असणार. कुणाच्या डोक्याला जोराचा मार बसला की तुम्ही हसत हसत त्याचं हेल्मेट मागून घ्यायचात, स्क्रूड्रायव्हरनं कानाजवळचा एक स्क्रू काढायचात आणि तोंड पाडून सांगायचात, "सर, स्क्रू टूट गया. स्पेअर जेद्दाह से आ रहा है." आठवडा, दोन आठवडे. हेल्मेट नाही तर खेळ नाही. जेद्दाहून स्पेअर येतोय म्हटलं की या देशात कुणी पुढं प्रश्न विचारत नाही. येतोय म्हणजे येतोय! स्क्रू तुमच्या शर्टाच्या खिशात असायचा. मला कळलं तेव्हा मी केवढी चिडले होते. हे खोटं आहे, नियम लिहा, बोर्ड लावा. तुम्ही शांतपणे म्हणालात, "माझ्या इकाम्याच्या कार्डावर काम मेंटेनन्स लिहिलाय. मी इंजिनियरला घरी बस सांगितला तर तो ऐकेल? स्क्रू नाय म्हटला की मॅनेजर पण ऐकतो." आपलं हे भांडण जाळीच्या भांडणाइतकंच चालायचं.

आता तो दिवस. इतकी वर्षं आपण त्याच्या कडेकडेनं चाललो, आज नाही चालत.

अली तेव्हा नोकरी शोधत होता, पण खेळात सगळ्यांच्या पुढं. घरचे मासेमारीवाले, तुमच्यासाठी हामूर मासा घेऊन यायचा पिशवीतून. त्या शुक्रवारी तो धावत्या वेगात कठड्यावर आदळला. मला काचेपलीकडं आवाज आला. उठला, हसला, बाहेर आला, आणि तुम्ही सवयीनं हेल्मेट घेतलंत. "स्क्रू टूट गया." तो वैतागला. पाच मिनिटांचा खेळ उरला होता आणि त्याचा संघ मागं होता. माझ्याकडं वळून म्हणाला, "दक्तूरा, तू बघ मला. काही झालंय का?"

मी बघितलं. मोबाईलचा टॉर्च लावून तोंडात बघितलं! दात सगळे जागेवर, जबडा नीट, ओठावर ओरखडासुद्धा नाही. आणि मला काय आनंद झाला भाई. तुमच्याशी भांडायला आयता पुरावा. "बघा," मी म्हटलं, "एवढा आदळला आणि चेहरा कसा आहे बघा! याला म्हणतात जाळी." तुम्ही मराठीत हळू म्हणालात, "बाय, त्याला आज वार कुठला विचार." आणि मी, मिरजेची दातांची डॉक्टर, तुम्हाला म्हणाले, "डॉक्टर मी आहे की तुम्ही? स्क्रू तुमच्या खिशात आहे, ठाऊक आहे मला. द्या त्याला."

तुम्ही माझ्याकडं बघितलंत. रागानं नाही. तेवढं तरी रागानं बघायचं होतंत. मग खिशातून स्क्रू काढलात, हेल्मेटला लावलात, हळूहळू पिळलात. शेजारी कोच उभा होता, तो म्हणाला, "गुड, गुड." अली गेला.

तीनेक मिनिटांनी त्याला कुणाचा तरी नुसता खांदा लागला आणि तो बर्फावर बसला. बसला तो बसलाच. मग जाळीच्या आत ओकला. जाळीमुळं तोंड पुसता येईना, हूक निघेना. तुम्ही चपलांनिशी बर्फावर धावलात, दोनदा पडलात, कात्रीनं पट्टा कापलात आणि त्याला कुशीवर वळवलंत. तो तुम्हाला अरबीत विचारत होता की आपण कुठं आहोत. त्याला बायकोचं नाव सांगता येईना.

मॅनेजर आला. "हेल्मेट किसने दिया?" तुम्ही म्हणालात, "मैंने दिया." "किसने बोला?" "कोई नहीं बोला." मी तीन फुटांवर होते. तोंड उघडलं नाही. नंतर पार्किंगमध्ये तुम्हीच मला समजावत होतात, "गप बस तू. तुझा लायसन रिन्यू करायचा काम चाललाय. दातवाल्यांच्या जागा आता सौदींना देतायत, एक तक्रार गेली तर खलास, मुलांना घेऊन विमानात बसशील. मला काय? एक कागद देतील हातात." दिलाच त्यांनी तो कागद, लेखी समज. तुम्ही घडी करून खिशात घातलात.

अली दोन महिने पडदे लावलेल्या खोलीत पडून होता. त्याला त्या दिवशीचा सकाळचा चहा आठवतो आणि मग थेट हॉस्पिटलचं छत. कोचला तर काय, पुढच्या शुक्रवारी त्यानं मला विचारलं मी भारतातल्या कुठल्या गावची. साक्षीदार दोन आणि दोघांचीही डोकी ठेचकाळलेली. माझ्यासारखी सहीसलामत सुटलेली बाई विरळाच.

मग मॉलमधल्या काउंटरच्या नोकऱ्या सौदी माणसांना द्यायच्या असा हुकूम आला. तुम्हाला तीन महिने दिले, येणाऱ्याला काम शिकवायला. आणि आला कोण, तर अली. मला वाटलं तुम्ही चिडाल. तुम्ही तर नवऱ्यामुलाकडच्या माणसासारखे खूश! पात्याला धार कशी लावायची, जाळीचा कुठला हूक आधी सोडायचा, काय काय दाखवत होतात. पहिल्याच दिवशी त्यानं तुमच्या खांद्यावर हात ठेवला आणि सगळ्यांसमोर म्हणाला, "हमीद, तू मला हेल्मेट दिलंस, त्याबद्दल मी तुला माफ केलंय." मोठ्या मनानं म्हणाला तो, खोटं नाही. तुम्ही छातीवर हात ठेवून "जझाकल्लाह" म्हणून उलट त्याचे आभार मानलेत. मी काउंटरच्या या बाजूला चहा पीत होते. तो चहा मी पूर्ण प्यायले भाई. याची मला आजही लाज वाटते.

तुम्ही गावी परत गेलात आणि किती मजेत राहिलात! चिडायचे मी कधी कधी. मी इथं दरवेळी लायसन रिन्यू व्हायची वाट बघतेय आणि हा माणूस फोनवर मला कोळंबी सोलून दाखवतोय. दहा कलमं लावलीत, नातवंडांना पोहायला शिकवलंत, मरियमभाभींनी केलेल्या सांदणांचे फोटो पाठवून मला जळवलंत. माकडटोपीची सवय मात्र सुटली नाही, वैशाखात घालून बसायचात. जाळीचा वाद चालूच होता. मीही हट्टानं चालू ठेवला, कारण तो थांबला की ते दुसरं बोलावं लागलं असतं. दरवेळी फोन ठेवताना जिभेवर यायचं, "भाई, ते त्या दिवशीचं..." आणि तुम्ही नेमके म्हणायचात, "चल बाय, अजान झाली." मला वाटायचं, तुम्ही मुद्दाम करता. आता वाटतं, खरंच अजान झालेली असायची आणि मी मुद्दाम त्याच वेळी फोन करत होते.

आज दुपारी अलीला भेटायला गेले. काउंटर तोच. आता कुणाच्या डोक्याला लागलं की अली हेल्मेट कपाटात टाकून किल्ली लावतो आणि म्हणतो, "खलास. घरी जा." कॅनेडियन इंजिनियरसुद्धा गुपचूप जातात. त्याला स्क्रूची गरज लागत नाही, त्याचा देश आहे. तुम्ही बघितलं असतंत तर खूश झाला असतात.

मी सांगितलं, हमीदभाई गेले. तो उभा राहिला, त्यानं दुआ म्हटली, डोळे पुसले. मी म्हटलं, त्यांच्या मुलीनं निरोप दिलाय, कुणाचं काही असेल तर माफ करा. अली लगेच म्हणाला, "मी केव्हाच केलंय दक्तूरा. तुझ्यासमोरच केलंय." झालं, निरोप पोचला. घरी निघून जायला हरकत नव्हती. पर्स खांद्याला लावलीसुद्धा होती.

"ते हेल्मेट त्यांनी दिलं नाही अली, मी द्यायला लावलं," मी म्हटलं. इंग्रजीत सांगायला लागले, मध्येच हिंदी, मध्येच मराठी. टॉर्च, दात, खिशातला स्क्रू, तुम्ही वार विचारायला सांगितलं होतंत ते, पार्किंगमधलं सगळं. तो ऐकत राहिला. मग स्टुलावर बसला. मला वाटलं आता ओरडेल, आणि ओरडावंच असं मला वाटत होतं. तो एवढंच म्हणाला, "मी त्याला सगळ्यांसमोर माफ केलं. आणि तो शुक्रिया म्हणाला."

मग म्हणाला, "त्याच्या मुलीला फोन लाव."

लावला. तुम्ही शिकवलेल्या त्या मोडक्या हिंदीत तो नसीमला म्हणाला, "बहन, मैं अली. तुम्हारा बाप अच्छा आदमी. मेरा गलती. तुम मुझे माफ करो." बिचारीला काय कळणार? ती "जी भाई, जी भाई" म्हणत राहिली. त्यानं फोन माझ्या हातात दिला. मला माफ केलं असं तो म्हणाला नाही, आणि मी विचारलंही नाही. त्याला हवा तेवढा वेळ घेऊ दे.

नसीमला मी सगळं पहिल्यापासून सांगितलं, मराठीत, न अडखळता. तुम्ही जे पोटात घालून गेलात ते तुमच्या लेकीच्या ओंजळीत टाकलं. तुम्हाला आवडलं नसतं, पण आता तुम्ही मला गप बसवू शकत नाही. पलीकडं घरात बायका काहीतरी वाचत होत्या, तो आवाज येत होता. मला वाटलं, आता विचारेल, इतकी वर्षं बोलला का नाहीत मावशी. तिनं नाक ओढलं आणि म्हणाली, "त्या माणसाचं डोकं आता बरं आहे ना, मावशी?"

भाई, तुमचीच लेक. मी अलीच्या तोंडाकडं बघितलं. दर शुक्रवारी मी या माणसाला भेटते. दात बघितलेत त्याचे, त्याच्या मुलीचेही बघितलेत. हे मात्र मी त्याला आजवर एकदाही विचारलं नव्हतं.

"अली," मी म्हटलं, "डोकं कसं आहे तुझं?"

त्यानं मान वर केली. "उन्हात दुखतं," म्हणाला. "बायकोलाही सांगितलेलं नाही."

मी पर्स खाली ठेवली आणि त्याच्यासमोर बसले. "कधीपासून?" मी विचारलं.